माणसांची सावड

सावड हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडात उरलाय, म्हणून आधी तो सांगून टाकतो. ज्याच्याकडं एकच बैल, तो शेजाऱ्याच्या बैलाशी जुंपायचा. आज त्याचं रान, उद्या आपलं. खुरपणीला, काढणीला माणसांचंही तसंच. तुम्ही आमच्यात दोन दिवस आलात की आम्ही तुमच्यात दोन दिवस येणार, मध्ये पैशाचं नाव नाही. सावड घेतलेला माणूस मेला तर त्याच्या घरातलं कुणीतरी येऊन ती फेडायचं. यातली एक गोष्ट मात्र कुणी बोलून दाखवत नसे. सावड बरोबरीच्यांत व्हायची. माझे वडील हयातभर आमच्या कोऱ्हाळ्यातल्या बागायतदारांच्या रानात राबले, पण त्याला कधी कुणी सावड म्हटलं नाही. त्याला काम म्हणायचे.

मी रानाच्या वाटेला गेलोच नाही. दहावी झालो आणि एसटीत कंडक्टर म्हणून चिकटलो, बारामती डेपोला. इंदापूर, भिगवण, फलटण करत निवृत्त झालो. उभा जन्म लोकांना पुढं सरका म्हणण्यात गेल्यामुळं जिभेला धार आली ती आलीच. माझी बायको करुणा म्हणायची, तुम्ही भाकरीसुद्धा तिकीट मागितल्यासारखी मागता. तिचं काही खोटं नव्हतं.

म्हातारपणाची तजवीज मी केली नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. आमच्या भावकीतला रविंद्र विम्याचं काम करतो. त्यानं आम्हा दोघांची आजारपणाची पॉलिसी काढून दिली आणि म्हणाला, "काका, आता बिनघोर ऱ्हावा." मी दरसाल हप्ता भरला आणि बिनघोर राहिलो. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता करुणाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली, बोलणं गेलं. बारामतीच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती आणि खरं सांगायचं तर कंपनीनं बिल चोख भरलं. रविंद्र पेढे घेऊन आला. बायको अंथरुणाला खिळलेली आणि हा पेढे घेऊन आला, पण मी ते खाल्ले, कारण त्या वेळी मलाही आपण जिंकलो असंच वाटलं होतं.

घरी आणल्यावर डोळे उघडले. तिला कुशीवर वळवायचं, भरवायचं, धुवायचं, पुन्हा वळवायचं. मी एकटा, त्यात माझं वय झालेलं. रविंद्रला विचारलं, एखादी बाई ठेवली तर तिचा पगार पॉलिसीतून मिळेल का?

"न्हाय काका. माणूस दवाखान्यात झोपलं तर कंपनी देती. घरात झोपलं तर न्हाय."

"मग कंपनीला कळव, म्हाताऱ्यांनी घरात झोपायचंच बंद केलंय."

तो हसला. त्याच्यावर माझा राग नव्हता, त्यानं काही लपवलं नव्हतं. राग आला तो त्या बिनघोर शब्दाचा. बारामतीत आजाऱ्याजवळ राहणाऱ्या मावश्या पुरवणारी एक संस्था आहे, तिथं फोन लावला. त्यांनी सांगितलेला महिन्याचा पगार ऐकून मी मोबाईल कानापासून लांब धरला. माझ्या पेन्शनीत ती मावशी दर महिन्याला आठवडाभरही टिकली नसती. आमची एकुलती मोनाली पुण्यात असते. तिच्या दोन खोल्यांत तिची सासू आधीच अंथरुणावर होती. मोनाली आली, आईच्या उशाशी बसून पोटभर रडली आणि परत गेली. तिनं दुसरं काय करायचं होतं?

भेटायला मात्र अख्खं गाव आलं. घरात बिस्किटांचे पुडे इतके साठले की दुकान टाकता आलं असतं. जो तो म्हणायचा, काही लागलं तर सांगा. आणि चहाची कपबशी खाली ठेवताच उठायचा.

जोतीराम मात्र उठला नाही. जोतीराम म्हणजे आमच्या गावातला उसाचा मोठा शेतकरी, कारखान्याचा जुना सभासद. गाव त्याला तात्या म्हणायचं आणि मीही तात्याच म्हणायचो, एका वर्गात शिकलो असलो तरी. तो बायकोला, प्रयागबाईंना, घेऊन आला होता. प्रयागबाई आत करुणाजवळ गेल्या. जोतीरामनं ओट्यावर बसून चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "गंगाराम, आपून सावड करू."

मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. "तात्या, मला कुठं रान हाय?"

"रानाची न्हाय रं. माणसांची. आमचा ऋषी बारामतीला ऱ्हातो. उद्या आमी पडलो तर आमचं कोण हाय हितं? आज आमी तुझ्यात येतो. आमची पाळी आली की तू ये."

माझे कान तापले. त्या घरातल्या माणसानं आमच्या घरातल्या माणसाला हा शब्द वापरला होता, आणि वडील तो ऐकायला राहिले नव्हते. मला भरून आलं. पण मी पडलो कंडक्टर, म्हणालो, "बघा बरं तात्या, मधल्या थांब्याला उतरायचं न्हाय."

ते उतरले नाहीत. प्रयागबाई रोज सकाळी यायच्या. पदर खोचून करुणाला अंघोळ घालायच्या, केसांना तेल लावायच्या. माझ्या आईला ज्या घरात ओट्याच्या खालूनच पाणी मिळायचं, त्या घरची ही बाई माझ्या बायकोचं गू-मूत काढत होती. हे मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर लोकांनी प्रयागबाईंची वाहवा केली असती, आणि ते मला नको होतं. सावडीत वाहवा नसते, फेड असते. करुणा दोन वर्षं जगली आणि पाठीला एक जखम न होता गेली. विहारात तिच्या पुण्यानुमोदनाला प्रयागबाई बायकांत मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या स्वतः बसल्या जागी गेल्या. कुणाला हात लावायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. मग जोतीरामला कंपवाताचं दुखणं लागलं आणि माझी पाळी आली.

मी उजाडलं की त्याच्या घरी जायचो आणि दिवेलागणीला परत यायचो; तो पडूनच राहायला लागल्यावर रात्रीही तिथंच झोपायला लागलो. दाढी करायचो, भरवायचो, पेपर वाचून दाखवायचो. चालवायची माझी वेगळी युक्ती होती. खाटेपासून दारापर्यंत बारामती ते इंदापूर. त्याला काखेत धरायचं आणि मी एकेक थांबा पुकारायचा, "लासुर्णे आलं! अंथुर्णे! निमगाव केतकीवाले पुढं या!" तो हसायचा आणि हसण्याच्या नादात पाय उचलायचा. पुढं पुढं गाडी लासुर्ण्यालाच थांबायला लागली. नंतर तर डेपोतून निघेचना.

त्याचा मुलगा ऋषिराज बारामतीत ठिबकचं दुकान चालवतो. गुणी पोरगा. डोक्याकडून वर उचलता येणारी खाट त्यानं आणली, हवेची गादी आणली, डायपरची खोकी कधी कमी पडू दिली नाहीत. दर रविवारी तो आणि त्याची बायको सोनम फळं घेऊन यायचे. ते आले की मी जोतीरामला आधीच धुऊन पुसून, पावडर लावून तयार ठेवायचो. लघवीचं भांडं मागं न्हाणीत नेऊन ठेवायचो, खोलीत उदबत्ती लावायचो. पोरानं बापाला नीट बघावं, एवढंच मनात होतं. दिवाळीला ऋषिराज सभासदाच्या साखरेतली थोडी साखर माझ्याकडं पाठवायचा. शेजारधर्म म्हणून मी ती घ्यायचो.

जोतीरामला मधूनच माझी काळजी लागायची. "तू पडलास की काय करशील, गंगाराम?"

"मी कशाला पडतोय?"

"पडशील की. पर भ्यायचं न्हाय. माझा ऋषी हाय. बापाची सावड पोराला लागू असती."

हा माझा खरा विमा. कागद नाही, हप्ता नाही, फक्त त्या थरथरत्या तोंडातलं वाक्य. मी त्याच्यावर पुरता विसंबलो होतो.

जोतीराम गेला तेव्हा मी शेजारीच होतो. दहाव्याला नदीवर गाव लोटलं. दोन-चार पुढाऱ्यांची भाषणं झाली आणि शेवटी ऋषिराजनं माईक घेतला. आईवडिलांबद्दल चांगलं बोलला. मग म्हणाला, "आबांच्या शेवटच्या काळात आम्ही गंगारामकाका ठेवले होते. पगारी माणूस करणार नाही एवढं त्यांनी केलं." आणि मला पुढं बोलावलं. शाल, नारळ आणि एक जाडसर पाकीट.

ठेवले होते. मला वाटलं, माईक खरखरला. पण लोक मान डोलवत होते, आमच्या वस्तीतलेसुद्धा. शाल घेतली, नारळ घेतला. पाकीट परत त्याच्या हातात ठेवलं आणि हळूच म्हणालो, "लेका, सावडीला पाकीट नसतंय."

त्याला शब्दच कळला नाही. गोरामोरा झाला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, कमी वाटत असतील तर घरी बोलू आपण."

मी घरी आलो आणि दार लावून बसलो. इतकी वर्षं मी ज्याला बरोबरी समजत होतो, ती त्या घरातल्या दोन माणसांना ठाऊक होती आणि दोघंही गेली होती. तिसऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो खोटं बोलला नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं होतं.

पुढं काही महिन्यांनी मी पडलो. न्हाणीघराचा उंबरा तोच, पाय तोच, पण त्या दिवशी दोघांचं जमलं नाही. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीत ऑपरेशन झालं, कंपनीनं बिल चोख भरलं आणि मी घरी येऊन घरात झोपलो. रविंद्र येऊन बसला. म्हणाला, "घरी माणूस देणाऱ्या पॉलिसी निघत्याल काका. तवा सगळ्यात आधी तुमची काढतो." माझा मोडका पाय बघत तो हे बोलत होता. मोनाली रजा होती तोवर राहिली. तिची सासू अजून तशीच होती. मला पुण्याला चला म्हणाली, पण कुठं झोपवणार हे तिलाही सांगता येईना. तिला गाडीत बसवून द्यायलासुद्धा मला उठता आलं नाही.

ती गेली त्याच दिवशी ऋषिराज आला. सगळं ठरवूनच आला होता. अनिता नावाची बाई सकाळी येईल, धुणं-पुसणं, स्वयंपाक करेल, दुपारी घरी जाईल, संध्याकाळी पुन्हा येईल. पैसे तो देणार.

"पैसं नकोत," मी म्हणालो.

"काका, आता ऐकायचं. तुमी आबांसाठी एवढं केलं."

"तेच सांगतोय. तुझ्या आबाची आन् माझी बोली झाली हुती." मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याची आई माझ्या बायकोला अंघोळ घालायची तेही सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. तो खाली बघत ऐकत होता. "अनिताला ठिव. मला उठता येत न्हाय, मी कशाला आव आणू? पर ते पैसं झालं. सावड येगळी. रविवारी दुपारी तू ये. तू सोता."

"येतो की काका. त्यात काय!"

खरं सांगतो, ते दिवस मी नवरदेवासारखी वाट बघत काढले. मला त्याच्याकडून सेवा नको होती. जोतीराम म्हणाला होता ते त्याच्या रक्तामांसाच्या कुणीतरी खरं करून दाखवावं, एवढंच मला बघायचं होतं. झालं तर मी ठेवलेला माणूस नव्हतो. आणि नाही झालं तर मग माझे वडील आणि मी यांच्यात फरक तो काय?

रविवारी तो आला. सफरचंदं आणली, किवी आणली. अनिता त्याला चहा देऊन घरी गेली. तो खुर्ची खाटेजवळ ओढून बसला. दुकानाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, मुलाच्या शाळेचं सांगितलं. मध्ये मोबाईल वाजला तेव्हा त्यानं तो बंद करून खिशात टाकला. मला ते फार आवडलं. मग बोलणं संपलं. तो भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत बसला, मी त्याच्याकडं. तोंडाची ठेवण हुबेहूब जोतीरामची.

मला मघापासून लघवी लागली होती. मी आवरून धरली होती, जरा ओळख पडू दे म्हणून. ओळख कसली पाडायची होती? हा चड्डीत होता तेव्हापासून मी याला ओळखतो. शेवटी राहवेना. म्हणालो, "ऋषिराज, भांडं दे रे जरा."

तो चटकन उठला. इतका चटकन उठला की माझ्या पोटात माया दाटली. आत गेला. माठावरचं झाकण वाजलं. आणि भांडंभर पाणी घेऊन आला. एक हात माझ्या मानेखाली घातला, डोकं हळूच उचललं, भांडं ओठाला लावलं. थेंब सांडू दिला नाही.

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं लबाडी असती, कळून न कळल्यासारखं केलं असतं, तर मी सोडलं नसतं, माझी जीभ अजून शाबूत आहे. पण त्याला खरंच कळलं नव्हतं. आजारी माणूस भांडं मागतो ते कुठलं, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या बापानं ते फक्त माझ्याकडं मागितलं होतं, आणि रविवारी मीच ते मागं न्हाणीत नेऊन ठेवत होतो.

ते माझ्या खाटेखालीच होतं, त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर. एक बोट दाखवायचा अवकाश होता. ते बोट मला उचलता आलं नाही. त्यानं माझी मान धरली होती ती किती जपून, किती मानानं! दवाखान्यात मोठ्या माणसाला भेटायला गेल्यावर धरतात तशी. मी सगळं पाणी प्यालो.

"अजून देऊ?"

"नको. ऱ्हावू दे."

तो पुन्हा बसला. आता मला एकेक क्षण जड जात होता. त्यानंही दोनदा दाराकडं पाहिलं. घरी सोनम वाट बघत असेल, दुकानात माणूस ताटकळला असेल. बिचारा मनगटावरच्या घड्याळाकडं बघत नव्हता, पण न बघण्याचे कष्ट त्याच्या तोंडावर दिसत होते.

"ऋषिराज," मी म्हणालो, "फिटली बरं का सावड. समदी फिटली. जा आता."

"खरंच, काका?"

"खरंच. पुन्हा यायची काय गरज न्हाय."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. वाकून त्यानं माझ्या पायांना हात लावला, मोडलेल्या पायाला धक्का लागणार नाही अशा बेतानं. अनिताचा पगार वेळेवर देत राहीन म्हणाला. दार हलक्या हातानं ओढून घेतलं. बाहेर गाडी सुरू झाली आणि कालव्याच्या बाजूनं तिचा आवाज लांब लांब गेला.

मग माझ्यानं धरवलं नाही. आधी ऊब लागली, मग गार पडत गेलं. मी रडलो. करुणासाठी रडलो नव्हतो एवढा रडलो. ओलीत पडून अनिताची वाट बघण्यापलीकडं मला काही करायचं नव्हतं.

ती दिवा लावायला आली, तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. चादर ओढून काढता काढता तोंड सुरू झालं. "अवो बाबा, दादा व्हते की हितं बसल्यालं. त्यास्नी सांगायचं नव्हतं व्हय?"

"पाव्हण्याला असलं काम सांगत्यात व्हय गं?" मी म्हणालो आणि तिला सोपं जावं म्हणून कुशीवर वळलो.